प्रवाळाच्या छोट्या टाकीत मासे किती? : एका घरच्या टाकीवरून विज्ञानाचा धडा



दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली त्याच आठवड्यातली गोष्ट. आठवीतला एक मुलगा मधल्या सुट्टीत स्टाफरूमच्या दाराशी येऊन उभा राहिला. "बाई, आमच्या टाकीतलं पाणी एकदम काचेसारखं आहे. मासेपण मजेत आहेत. पण प्रवाळ मिटून बसलंय. असं का होतं?"

त्याच्या बाबांना खाऱ्या पाण्याच्या टाकीचा छंद आहे. मीरा रोडच्या फ्लॅटमध्ये हॉलच्या कोपऱ्यात दोन फूट लांब, दीड फूट रुंद आणि एक फूट उंच अशी त्यांची टाकी. ही टाकी मुळात माशांसाठी नाहीच. प्रवाळासारख्या जिवांचे छोटे तुकडे दगडावर लावून त्यांची वाढ करायची, यासाठी ती केलेली आहे. छंदी लोक तिला 'फ्रॅग टँक' म्हणतात. आपण 'प्रवाळाची रोपवाटिका' म्हणूया.

त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता आठवीचं रसायनशास्त्र, सातवीचं गणित आणि वन्यजीव कायदा असं सगळंच निघालं. म्हणून हा लेख. अशी टाकी घरी असलेल्या किंवा आणायचा विचार करणाऱ्या पालकांना तो उपयोगी पडेल, आणि शिक्षकांना वर्गात वापरता येईल.

प्रवाळ म्हणजे नक्की काय?

दहावीच्या प्राणी वर्गीकरणात सिलेंटराटा (निडारिया) संघ येतो. हायड्रा, समुद्रफूल आणि प्रवाळ ही त्यातली मंडळी. प्रवाळ झाडासारखं दिसतं, दगडासारखं लागतं, पण तो प्राणी आहे. एकेक जीव म्हणजे पॉलिप. तोंडाभोवती शुंडक, शुंडकांवर दंशपेशी. असे शेकडो पॉलिप एकमेकांना चिकटून वसाहत करतात.

उथळ, उजेडाच्या पाण्यात वाढणाऱ्या बहुतेक प्रवाळांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहतं. शैवाल प्रकाशसंश्लेषण करून अन्न बनवतं आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देतं. यजमान शैवालाला जागा आणि आपल्या उत्सर्जनातलं नायट्रोजन, फॉस्फरस देतो. सहजीवनाचं याहून सुंदर उदाहरण मुलांना सांगायला मिळणार नाही. रोपवाटिकेची टाकी उथळ आणि भरपूर दिव्यांची असते ती या शैवालासाठी.

सगळ्यात आधी कायदा

मासे-बिसे नंतर. पालकांनी हे आधी वाचावं.

भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली प्रवाळांचा समावेश झाला. चुन्याचा कठीण सांगाडा तयार करणारे सर्व खडक-प्रवाळ, काळं प्रवाळ, अग्निप्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ आणि समुद्रपंखे यांना वाघाइतकंच संरक्षण आहे. ते समुद्रातून काढणं, विकणं, विकत घेणं गुन्हा आहे. मेलेला, वाळलेला पांढरा तुकडाही त्यातच येतो. समुद्रघोडाही याच यादीत आहे. त्यामुळे विज्ञान प्रदर्शनात 'खरं प्रवाळ' मांडायची कल्पना मुलांनी काढली, तर त्यांना प्रेमाने थांबवा.

हा कायदा किती गंभीरपणे घेतला जातो, याचं उदाहरण आपल्या शेजारीच आहे. मुंबईच्या कोस्टल रोडच्या कामात वरळी आणि हाजी अलीच्या किनाऱ्यावर प्रवाळांच्या लहान वसाहती सापडल्या. त्या हलवण्यासाठी महापालिकेला वन खात्याची परवानगी घ्यावी लागली, आणि २०२० मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या तज्ज्ञांच्या मदतीने त्या दुसऱ्या जागी नेल्या गेल्या. एवढ्या मोठ्या महापालिकेला परवानगी लागते, तिथे आपल्या हॉलमधल्या टाकीला सूट कशी असेल?

मग या बाबांच्या टाकीत काय होतं? 'मशरूम' आणि 'बटण पॉलिप' नावाने ओळखले जाणारे मऊ जीव. हे खडक-प्रवाळांचे चुलत नातेवाईक. त्यांना दगडी सांगाडा नसतो आणि त्यांची नावं त्या अनुसूचीत नाहीत. तरी घेताना बिल मागा, माल कुठून आला ते विचारा. दुकानदार उत्तर द्यायला टाळाटाळ करत असेल तर तिथूनच परत फिरा. आणि फांद्याफांद्यांचं कठीण प्रवाळ "गुपचूप देतो" असं कोणी म्हणालं, तर त्याला सरळ नाही म्हणा.

खडक-प्रवाळांची रोपवाटिका बघायचीच असेल तर ती समुद्रात बघावी. तमिळनाडूत मन्नारच्या आखातात तुतिकोरीनच्या संशोधकांनी २००२ पासून काँक्रीटच्या चौकटींवर प्रवाळांचे तुकडे बांधून उजाड झालेली जागा पुन्हा वसवली आहे. आपल्याकडे मालवणला १९८७ साली जाहीर झालेलं सागरी अभयारण्य आहे. तिथलं पाणी, तिथले प्रवाळ, तिथले मासे मुलांनी एकदा तरी बघावेत.

मग या टाकीत मासे ठेवायचेच कशाला?

हाच प्रश्न बाबांनाही सुरुवातीला पडला होता. पहिले काही महिने त्यांनी एकही मासा ठेवला नाही. पाणी अगदी शुद्ध. आणि तरी पॉलिप फिकट पडत गेले. मग त्यांनी विदूषक माशांची एक जोडी आणली. महिन्या-दीड महिन्यात पॉलिपांना रंग आला, मशरूमना पिल्लं फुटू लागली.

यात जादू काही नाही. शेतकऱ्याच्या घरातल्या कोणालाही विचारा. नुसत्या पाण्यावर पीक येत नाही, खत लागतं. मासा खातो, त्याच्या कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो, विष्ठेतून फॉस्फरस येतो. हे थोड्या प्रमाणात मिळालं की पॉलिपांमधलं शैवाल तरारतं. समुद्रातही असंच चालतं. १९८३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कॅरिबियन समुद्रात सेंट क्रॉय बेटाजवळ काही मासे रात्री सागरी गवतात चरायला जातात आणि दिवसा ठरावीक प्रवाळांवर थव्याने विसावतात. ज्या प्रवाळांवर थवे विसावत होते, ते थवे नसलेल्या प्रवाळांपेक्षा लवकर वाढत होते. गवतातलं खत मासे रोज प्रवाळाच्या दारात आणून टाकत होते.

म्हणजे मासा हवा. पण दोन गुंठे जमिनीत दहा म्हशींचं शेण ओतलं तर पीक जळतं, हेही तितकंच खरं. त्या टाकीत नेमकं हेच झालं होतं. दिवाळीच्या आसपास मुलाचा वाढदिवस आला. दोन माशांत निळ्या डॅमसेल माशांची भर पडली, तीन. आणि दिवाळीला गावाहून आजी आल्या. आजींना मासे फार आवडले. मुकी जनावरं उपाशी कशी ठेवायची, म्हणून दुपारी एक चिमूट त्याही घालू लागल्या. सकाळी मुलगा, दुपारी आजी, रात्री बाबा. एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही.

चिमटीचा हिशेब

आता गणित करूया. मुलांकडून फळ्यावर करून घ्यावं असं आहे.

टाकी २ × १.५ × १ = ३ घनफूट. एका घनफुटात साधारण २८ लीटर, म्हणजे सुमारे ८५ लीटर. वरची मोकळी जागा आणि आतले दगड वजा केले तर खरं पाणी ७० लीटर धरू.

दोन लहान माशांना दिवसाला ०.१ ग्रॅम कोरडं खाद्य पुरतं. त्यात ४० टक्के प्रथिनं धरली तर ४० मिलिग्रॅम प्रथिन. प्रथिनात नायट्रोजन साधारण १६ टक्के, म्हणजे ६.४ मिलिग्रॅम. त्यातला पाऊण वाटा बाहेर पडतो असं धरू, म्हणजे जवळपास ५ मिलिग्रॅम.

हा नायट्रोजन आधी अमोनिया म्हणून पाण्यात येतो. अमोनिया विषारी. दगडांवरचे जिवाणू त्याचं नायट्राईट आणि मग नायट्रेट करतात. १ ग्रॅम नायट्रोजनपासून सुमारे ४.४ ग्रॅम नायट्रेट होतं. म्हणजे रोज २२ मिलिग्रॅम, भागिले ७० लीटर. लीटरमागे रोज ०.३, आठवड्याला सुमारे २ मिलिग्रॅम.

आता पाच मासे आणि तीन हातांच्या चिमटी, मिळून ०.५ ग्रॅम खाद्य धरा. सगळं पाचपट. आठवड्याला सुमारे ११ मिलिग्रॅम.

बाबा दर आठवड्याला १० टक्के पाणी बदलत होते. मुलं म्हणतील, मग झालं की साफ! नाही झालं. १० टक्के पाणी बदललं तर १० टक्केच नायट्रेट जातं. जेवढं आठवड्यात जमा होतं तेवढंच बदललेल्या पाण्यातून जायला लागलं की पातळी थांबते. म्हणजे ती थांबते आठवड्याच्या भरीच्या दहापटीवर. २ ची भर असेल तर २० वर, ११ ची असेल तर ११० वर. दगडातले जिवाणू आणि स्वतः पॉलिप थोडं नायट्रेट वापरतात, त्यामुळे २० चे प्रत्यक्षात ५-१० होतात आणि ते ठीक असतं. ११० पुढे मात्र त्यांचं काही चालत नाही.

आणि हे डोळ्यांना दिसत नाही! साखर विरघळलेलं पाणी जसं स्वच्छच दिसतं, तसंच. त्या मुलाचं "पाणी काचेसारखं आहे" हे म्हणणं खरं होतं, पण त्यावरून पाणी चांगलं आहे असं ठरत नाही. तपासणी संचाने पाहिलं तर नायट्रेट ऐंशीच्या घरात होतं. मासे ते सहन करतात, म्हणून ते मजेत. पॉलिपांना ते सोसत नाही, म्हणून ते मिटलेले.

कोणते मासे चालतात?

एवढ्या लहान टाकीत एक किंवा दोन. निवडताना "सुंदर कोणता?" हे विचारण्याआधी "मोठा झाल्यावर केवढा होईल, आणि पॉलिप खाईल का?" हे विचारायचं.

- विदूषक मासा (क्लाउनफिश): आठ-नऊ सेंटीमीटरपर्यंत वाढतो, एका जागी राहतो, समुद्रफुलाशिवायही जगतो. एक जोडीच ठेवावी. गंमत म्हणजे हे सगळे आधी नर असतात आणि जोडीतला मोठा, वरचढ मासा मादी होतो. या माशांची पैदास आता बंदिस्त टाकीत होते. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने भारतात ते तंत्र बसवलं आहे, आणि आपल्याजवळ ऐरोलीलाही कांदळवन प्रतिष्ठानाने शोभेच्या सागरी माशांची पैदास सुरू केली आहे. समुद्रातून पकडलेल्यापेक्षा असा टाकीत जन्मलेला मासाच मागा.
- लहान गोबी: तळाशी राहतो, कोणाच्या वाटेला जात नाही.
- डॅमसेल: स्वस्त आणि चिवट, म्हणून दुकानदार आधी हाच दाखवतो. पण लहान टाकीत भांडकुदळ.
- फुलपाखरू मासा: यातल्या अनेक जाती पॉलिपच खातात. रोपवाटिकेत नकोच.
- निळा सर्जन मासा (सिनेमातली 'डोरी'): तीस सेंटीमीटरपर्यंत वाढतो. दोन फुटांच्या टाकीत त्याला ठेवणं म्हणजे छळच.
- मँडरिन: दिसायला देखणा, पण जिवंत सूक्ष्म कवचधारींवर जगतो. लहान टाकीत ते पुरत नाहीत आणि तो उपाशी मरतो.

मासा सगळ्यात शेवटी आणायचा. नव्या टाकीत जिवाणू बसायला चार ते सहा आठवडे लागतात. अमोनिया आणि नायट्राईट दोन्ही शून्य झाल्याशिवाय मासा सोडू नये. आणि मासा आजारी पडला तर औषध वेगळ्या टाकीत. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर तांब्याचं औषध देतात. ते मुख्य टाकीत टाकलं तर मासा वाचेल, पण पॉलिप आणि गोगलगायी मरतील.

भाईंदरचं मीठ का चालत नाही?

आपल्या मुलांनी लोकलच्या खिडकीतून मिठागरं पाहिलेली असतात. त्यामुळे वर्गात हा प्रश्न हमखास येतो. "बाई, मीठ इथेच मिळतं, मग बाहेरचं महाग मीठ कशाला?"

समुद्राच्या पाण्यात फक्त मीठ नसतं. मिठागरात पाणी आटत जातं तेव्हा आधी कॅल्शियमचे क्षार, म्हणजे चुना आणि जिप्सम, खाली बसतात. त्यानंतर मिठाचे खडे धरतात. मॅग्नेशियमचे क्षार उरलेल्या कडू पाण्यात राहतात. आगरी आपल्याला देतो ते बहुतांशी सोडियम क्लोराईड. जेवणाला उत्तम, पण त्यातून समुद्र परत तयार होत नाही. टाकीसाठी कॅल्शियम, मॅग्नेशियम असलेलं तयार सागरी मिश्रणच लागतं, आणि ते आरओच्या पाण्यात मिसळायचं. नळाच्या पाण्यात क्लोरीन, बोअरच्या पाण्यात काय काय असेल ते सांगता येत नाही.

उत्तनच्या किनाऱ्यावरून पाणी भरून आणलं तर? तेही नको. वसई खाडीतून उल्हास नदीचं पाणी, गाळ आणि शहरांचं सांडपाणी येतं. पावसाळ्यात पाण्याचा खारटपणाही घसरतो.

क्षारता दर हजारी ३५ ठेवायची. पाण्याची वाफ होते, मिठाची होत नाही. ७० लीटरमध्ये २४५० ग्रॅम क्षार असतात. त्यातलं ७ लीटर पाणी उडालं तर तेच क्षार ६३ लीटरमध्ये, म्हणजे लीटरमागे जवळपास ३९ ग्रॅम. म्हणून रोज कमी झालेलं पाणी भरताना गोडं पाणी भरायचं. इथे बरेच पालक चुकतात आणि खारं पाणी भरतात.

उन्हाळा आणि वीज

पाणी २५ ते २७ अंश सेल्सिअस असावं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये बंद खोलीतलं पाणी सहज ३१-३२ वर जातं. समुद्रातसुद्धा नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानापेक्षा अंशभर जास्त ताप काही आठवडे राहिला, तर प्रवाळ आपल्यातलं शैवाल बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. याला विरंजन म्हणतात. १९९८ मध्ये लक्षद्वीप, अंदमानसह जगभर हे घडलं. घरातल्या टाकीतही तेच घडतं.

गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, आणि मासे जितके जास्त तितका तो लवकर संपतो. मे महिन्यात रात्री दोन तास वीज गेली तर दोन मासे तरतील, पाच तरतीलच असं नाही. पाण्यावर वारा घालणारा छोटा पंखा आणि बॅटरीवरचा हवेचा पंप, या दोन गोष्टी नसतील तर ही टाकी घेऊच नका.

मुलांच्या हाताची काळजी

बटण पॉलिपच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचं अतिशय तीव्र विष असतं. तुकडे करायचं काम मोठ्यांनीच करावं, हातमोजे आणि चष्मा घालून. स्वयंपाकघरातली सुरी वापरू नये. आणि पॉलिप असलेला दगड साफ करायला कधीही उकळू नये. त्या वाफेने घरातली माणसं इस्पितळात पोहोचल्याच्या घटना परदेशात घडल्या आहेत. मुलांनी निरीक्षण करावं, वही लिहावी, टाकीत हात घालू नये.

शेवटी काय झालं?

मुलाने पहिला उपाय सुचवला, "तीन मासे उत्तनला खाडीत सोडून देऊ." मी लगेच नाही म्हटलं. टाकीतला मासा निसर्गात सोडणं ही दया नाही. हिंदी-प्रशांत महासागरातला सिंहमासा अटलांटिकमध्ये पोहोचला तो बहुधा अशाच सोडलेल्या माशांतून, आणि आज तो तिथल्या प्रवाळांवरच्या लहान माशांचा फडशा पाडतो आहे.

तिन्ही डॅमसेल दुकानात परत गेले. टाकीशेजारी एक कॅलेंडर लागलं. जो खाद्य घालेल त्याने त्या तारखेवर खूण करायची, दिवसाला एकच खूण. आजींना वाईट वाटू नये म्हणून ती एक खूण करायचा मान त्यांनाच दिला. खाद्य बाबा मोजून डबीत ठेवतात, आजी घालतात. बाबांनी काही आठवडे थोडं थोडं जास्त पाणी बदललं. एकदम नाही, कारण अचानक बदलही पॉलिपांना झेपत नाही.

नाताळच्या सुट्टीआधी मुलाने वही दाखवली. नायट्रेट १५. खाली पेन्सिलने काढलेलं चित्र, उघडलेले अकरा बटण पॉलिप, आणि शेजारी लिहिलेलं, 'आजी म्हणते मासे बारीक झालेत. झाले नाहीत, मी मापलंय.'

वर्गात घेण्यासारखं

१. चिमटीचा हिशेब स्वतःच्या घरच्या टाकीसाठी करा. गोड्या पाण्याच्या टाकीलाही तो लागू पडतो.

२. दोन ताटल्यांत मीठपाणी घेऊन एक उन्हात, एक सावलीत ठेवा. रोज पातळीची खूण करा. पाणी उडालं, मीठ कुठे गेलं?

३. चर्चा: टाकीतले मासे ठीक आहेत, म्हणजे टाकी ठीक आहे, असं म्हणता येईल का? टाकीतला सगळ्यात नाजूक जीव कोणता, आणि त्याच्याकडे रोज कोण बघतं?

तुमच्या वर्गात यातलं काही करून पाहिलंत तर मुलांनी काय विचारलं तेही लिहून ठेवा. पुढचा धडा बहुतेक वेळा त्यांच्या प्रश्नातच असतो.